राहण्याचा पुरावा

बाई म्हणाल्या, लाईट बिल.
म्हटलं, लाईट सोसायटीची,
माझा बल्ब आणि पाण्याचा पंप एकाच मीटरवर.
मग भाडेकरार.
म्हटलं, भाडं देत नाही, घेतही नाही.
आधारवर गाव आहे, तालुका भोकरदन,
तिथे आता चुलतभावाचं कुलूप.
काचेपलीकडे पाटी होती : पेडामकर.
त्यांनी चष्मा पुसला.
सेक्रेटरीचं पत्र आणा, चालवून घेऊ.

छेडाभाईंनी लेटरहेड काढलं,
'इथे काम करतो' एवढंच लिहिलं.
'राहतो' लिहा म्हटलं, तर पेनाला टोपण लावलं.
उद्या हक्क सांगशील, वॉचमन.
जिन्याखाली सहा फूट बाय चार.
हक्क सांगायचा तर वाकूनच सांगावा लागेल.

मुलुंडात अकरा वर्षं.
बत्तीस फ्लॅटची कुरिअरं माझ्या सहीने येतात.
चारशेदोनची इन्सुलिनची पेटी,
सहाशेएकच्या मुलाचं कॅनडाचं पाकीट,
वारलेल्या दामले आजोबांना अजून येणारी
कुठल्याशा कंपनीच्या सभेची निमंत्रणं.

शेवटी रात्रीचं रजिस्टर काखेत मारून गेलो.
दर तासाला सही. बारा, एक, दोन, तीन.
चारला अक्षर घसरतं, पण सही आहे.
म्हटलं, बाई, राहण्याचा नाही,
जागण्याचा पुरावा आहे. चालतो का?
त्यांनी पानं उलटली.
एका पानावर चहाच्या कपाचा गोल होता,
तिथे जरा थांबल्या.
रजिस्टर आत घेऊन गेल्या.
साहेबांनी मान हलवली,
उभी की आडवी, काचेतून कळेना.

छोटं खातं उघडू, म्हणाल्या.
पत्ता द्या. त्यावर बँकेचं पत्र येईल,
ते घेऊन या, म्हणजे झालं.
मी लिहिलं :
बी विंग, जिन्याखाली, पंपाच्या खोलीला लागून.
त्या रकान्यात मावेना,
'लागून' खालच्या ओळीवर, पिनकोडच्या घरात गेलं.

नऊ दिवसांनी पोस्टमनने गठ्ठा टाकला.
मी नंबर आधी वाचतो, नाव नंतर.
ए विंग, बी विंग,
आणि ज्यांना नंबर नाही त्यांचा तिसरा ढीग,
परत पाठवायचा.
दुसऱ्या दिवशी पोस्टमन तो उचलायला आला,
वरचंच पाकीट बघून म्हणाला,
तुळशीदास गेनू भवर.
आहे का कोणी या नावाचं?

थांब, म्हटलं, बघतो.
आणि वाकून जिन्याखाली पाहिलं.