खाली मान

पुन्हा करावं लागेल, डॉक्टर इरिने म्हणाल्या.
पहिल्या वेळी पीतबिंदूचं भोक मिटलंच नाही,
उलट कडा जाड झाल्यात, ताठ,
शिळ्या पावाच्या होतात तशा.

कुटाइसीच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं
मी तिकिटं फाडली.
खिडकीच्या काचेला हाताएवढं भोक,
त्यातून पैसे आत, तिकीट बाहेर,
आणि अख्खा जिल्हा मला चेहऱ्यानं ठाऊक.
आता ओतियाकडे बघते तर
कान आहेत, टोपी आहे,
मधला ओतिया नाही.

या खेपेला भोकात ठिगळ.
कशाचं, मी विचारलं.
वारेचं. बाळाभोवतीचा पापुद्रा,
कुण्या बाईनं बाळंतपणानंतर देऊन टाकलेला.
नाव सांगत नाहीत.
मला मूल झालं नाही,
हे मी भूल चढेपर्यंत दोनदा मनात म्हटलं
आणि मग म्हटलं नाही.

नंतर आठ दिवस पालथं.
जेवताना, झोपताना, फोनवर बोलताना मान खाली.
लग्नातसुद्धा मी एवढा वेळ खाली बघितलं नव्हतं.
डोळ्यात वायूचा फुगा,
जरा हललं की बादलीतल्या पाण्यागत डुचमळणारा.
माणसं पायांनी यायला लागली:
म्झियाच्या निळ्या सपाता, लोबिओचं मडकं टेकवून गेल्या;
वीजमीटरवाला, नुसता चिखल;
भाचा, नवे बूट, दहा मिनिटं.
आणि ओतिया.
डावा बूट बाहेरच्या अंगानं झिजलेला,
टाच ओढत, भिंतीपाशी थांबत,
थांबला की खोकत,
जणू खोकण्यासाठीच थांबला.

चाळीस वर्षं मी तोंडाकडे बघत राहिले.
"पाय कधीपासून?"
"कोणता पाय?"
बूट मागे सरकले, खुर्चीखाली गेले.

फुगा उतरायला सहा आठवडे लागले.
शेवटी वाटाण्याएवढा, नजरेच्या तळाशी,
एका सकाळी तोही नाही.
तक्त्यावरच्या तीन ओळी वाचल्या,
चौथीत अडखळले.
भोक मिटलंय, डॉक्टर म्हणाल्या,
नजर पहिल्यासारखी होईलच असं नाही.

जिन्यापाशी मी टोपीखाली बघितलं.
होता.
नाक किंचित वाकडं,
ठिगळामुळे की मुळातच, आठवेना.
मग त्याच्या दंडाला धरलं आणि म्हटलं,
डावा आधी.