पाठांतर

नाट्यगृहाच्या डाव्या विंगेत, काळ्या झालरीमागं
एक मोडकं स्टूल आहे, ते माझं.
भिंतीवर पुराची रेघ आहे,
बसले की बरोब्बर माझ्या डोक्यावरून जाते.
दोनदा रंग दिला. दोनदा ती वर आली.

दिवसा मी पतपेढीत पासबुकं भरते,
संध्याकाळी दुसऱ्यांची वाक्यं.
एकोणीस वर्षं. सांगलीत नाटकात
कधीच काम न केलेलं माणूस शोधायचं तर
ती मी. उजेडात एकदाच गेले होते,
प्रयोग संपल्यावर, झाडू घेऊन.

ओठ न हलवता बोलायचं हे कसब.
‘स’ दाबून धरायचा,
नाहीतर पहिल्या रांगेपर्यंत सरपटत जातो.
द्यायचा फक्त पहिला शब्द,
उरलेलं वाक्य त्याचं शेपूट धरून येतं.
कोण कुठं अडणार मला आधी कळतं:
कुमठेकर मास्तर जोडाक्षरापाशी,
संपदा रडायच्या जरा आधी,
सुकुमार कधीच नाही.

सुकुमार बिरनाळे, मार्केट यार्डात
हळदीच्या सौद्यांचा हिशेब लिहितो.
नखं पिवळी. राजा केला तरी पिवळी,
भिकारी केला तरी.
यंदा आम्ही त्याला नुसता मुलगा केलं होतं,
घर सोडून निघालेला.

स्पर्धेची प्राथमिक फेरी, आमचं नाटक नववं, मंगळवारी.
मंगळवारच्या अकरा दिवस आधी
सुकुमारची आई गेली.
चौथ्या संध्याकाळी तो तालमीला आला,
वहीत सही केली, जागेवर उभा राहिला.
इलाही शिकलगारनं दिव्यांच्या खोक्यावर बसून
आपल्यातला अर्धा चहा त्याला दिला.
कुणी काही बोललं नाही.
आम्ही सगळे लिहिलेलंच बोलणारे.

पडद्याच्या भोकातून मोजलं: सेहेचाळीस डोकी.
त्यात घरचीच वीस, परीक्षक तीन,
आणि शेवटची एसटी चुकलेला एक,
पिशवी पायाशी घेऊन.

तिसरा प्रवेश. दार. नुसतं दार, भिंत नाही,
खर्चात बसली नव्हती.
संपदा आतल्या बाजूला, पांढरा केलेला अंबाडा.
सुकुमारनं उंबऱ्यावर पाय ठेवला.
वाक्य होतं: आई, दार लावून घे.

तो थांबला.

मी शब्द उचलला. जिभेवर आला. ‘आई’.
एकोणीस वर्षांत इतका सोपा शब्द
कुणाला द्यावा लागला नव्हता.
तो माझ्याकडं बघत नव्हता.
विसरलेला माणूस विंगेकडं बघतो,
डोळ्याच्या कोपऱ्यातून, हात पसरल्यासारखा.
हा दाराकडं बघत होता.

सातव्या रांगेत कुणीतरी भडंग खात होतं,
तो कागद वाजायचा थांबला.
इलाहीनं दिवा कमी करायचा होता, केला नाही.
मी ओठ मिटले.
तो शब्द गिळला, गोळी गिळतात तसा, पाण्याशिवाय.

मग सुकुमार म्हणाला,
“कडी लावू नकोस गं.”

हे कुणी लिहिलं नव्हतं.
मी पेन्सिलनं संहितेत लिहिलं, समासात,
तारीख घालून.

निकाल लागला. प्रकाशयोजना, दुसरी. इलाहीला हार.
आमच्या नाटकावर परीक्षकांचा शेरा एका ओळीचा:
‘तिसऱ्या प्रवेशात प्रमुख नटाचे पाठांतर कच्चे.’
सुकुमारनं तो वाचला,
घडी करून खिशात ठेवला,
“बरोबर हाय,” म्हणाला.

पण हे नंतरचं.
त्या रात्री साडेबाराला आम्ही टेम्पो भरत होतो,
लेव्हल, खुर्च्या, पेटी, वर दार आडवं.
सेट हळदीच्या गोदामात ठेवायचा,
भाडं नाही म्हणून. पुढच्या वर्षी
नाटक कुठलंही असो, वास हळदीचाच.

यार्डाच्या रस्त्यावर खड्डे.
मी मागं दाराजवळ बसले होते.
“बाई,” पुढून इलाही ओरडला,
“कडी वाजतीय, तेवढी लावा की.”
हात पुढं केला मी.
तसाच ठेवला.
वाजत गेली गोदामापर्यंत.