नावाचा रकाना

रावपुऱ्यात, टॉवरच्या मागच्या गल्लीत,
जनावरांच्या दवाखान्यात
एकवीस वर्षं मी रजिस्टर लिहितो.
तारीख, मालक, जात, वजन, तक्रार.
आणि मध्ये एक रकाना: नाव.

तिथं माणसं अडखळतात.

बँकेतून रिटायर झालेले खासगीवाले,
बुटांना पॉलिश, शर्ट आत खोचलेला,
म्हणाले, "सीझर."
सीझरनं मान वळवली नाही.
सुई दिसली तसा तो टेबलाखाली शिरला
आणि खासगीवाले गुडघ्यांवर, ओल्या फरशीवर,
"ये रे गुंडुमुंडू, ये माझ्या भज्या,
माझ्या चपट्या नाकाच्या ढोकळ्या, ये..."
मग विजार झटकत, माझ्याकडे न बघता,
"सीझरच लिहा."
मी सीझरच लिहिलं.

पाणीगेटचा इक्बाल मन्सुरी
बकरी खांद्यावर टाकून आला.
"मॅडमचं पोट फुगलंय, जरा लवकर बघा."
बाकावरच्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या
मॅडमला जागा द्यायला.

अलकापुरीची जिगीषाबेन पिंजरा घेऊन आली.
नाव विचारलं तर पोपटच म्हणाला,
"बोल ने, बका."
घरात मुळात कोण कुणाला बका म्हणायचं
ते तिलाही आता सांगता येईना.

आणि पुराच्या साली विश्वामित्री
सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चढली होती तेव्हा
डॉक्टरांबरोबर मीही गेलो होतो.
एक पोरगा मगरीच्या पाठीवर बसलेला,
तिच्या जबड्याला चिकटपट्टी गुंडाळत,
"बस बस, मारो डीकरो, थई गयुं हवे."
साडेनऊ फुटांचा डीकरो.
शेपटी आपटायचा थांबला, खोटं सांगत नाही.

फणसेकाकू दांडिया बाजारातून चालत येत.
भाजीच्या पिशवीत बोका, बाहेर फक्त डोकं,
एक कान फाटका.
"नाव?"
"मेल्या."
"असं कसं लिहू, काकू?"
"म ला मात्रा. पुढचं येतं ना?"

अकरा वर्षं तेच.
"मेल्या, मुडदा बशिवला तुझा, नीट उभा राहा.
काट्यावर बस, भस्म्या. पावणेसहा किलो!
माझ्या पेन्शनीवर माजलायस."
आणि हात सारखा त्याच्या हनुवटीखाली.
त्याची घरघर माझ्या टेबलापर्यंत यायची,
पेनातून कागदावर उतरते की काय वाटायचं.

गेल्या माघात एका संध्याकाळी
त्या रिक्षानं आल्या. पिशवी मांडीवर.
बोका टेबलावर ओल्या पंचासारखा पडला.
डॉक्टरांनी सलाईन लावलं, घड्याळ पाहिलं.
काकू त्याच्या कानाशी वाकल्या
आणि मऊ, परक्या आवाजात म्हणाल्या,
"बाळा. सोन्या. राजा माझा."

बोका हलला नाही.
हलेल कसा? ही नावं त्याची नव्हतीच.
कुणा दुसऱ्याला हाका मारतायत
असंच त्याला वाटलं असणार.

"काकू, नेहमीचं म्हणा."
त्यांनी मान हलवली.
तोंड उघडलं, मिटलं.
इतकी वर्षं गुळासारखा जिभेवर फिरवलेला शब्द,
त्याला अर्थ आहे
हे त्यांना त्या दिवशी आठवलं होतं.

मग मीच म्हणालो. कंपाउंडरनं म्हणायचं नसतं, तरी.
टेबलावर थाप मारून, त्यांच्याच चालीत,
"ए मेल्या!"

फाटका कान वळला.
माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

त्यापुढं तो दोन महिने आणि नऊ दिवस जगला.
दुसऱ्या दिवशी घरी नेताना
रिक्षात चढता चढता काकूंनी त्याला
जी काय शिवी हासडली
ती समोरच्या फरसाणवाल्यानंही ऐकली.
इथं लिहिता येण्यासारखी नाही.

आता दवाखान्यात कॉम्प्युटर आलाय.
नावाच्या चौकटीत माणसं अजून
सीझर, प्रिन्स, डायना सांगतात.
मी टाइप करतो आणि थांबतो.
सुई दिसेपर्यंत थांबतो.