स्टार्टरमागचा बोल्ट

इंजिन बंद असलं की सगळे गिअर पडतात,
पिकल्या केळ्यात सुरी जावी तसे.
चालू केलं की एकही नाही.
नुसती करकर, दातावर दात.

कायतान मेस्त खाली वाकलाही नाही.
कान दिला, कानावरची विडी काढली, पाहिली,
परत कानावर ठेवली.
"क्लच सुटत नाही तुझा.
घसरणाऱ्याचं दुखणं वेगळं, बाब:
इंजिन बोंबलतं, गाडी चढावर तिथल्या तिथे,
आणि जळका वास.
ह्याला वास कुठाय?"

मग मला वर बसवून पेडल दाबायला लावलं,
स्वतः खाली, दोन बोटांत दांड्याचं सरकणं मोजत.
दाब. सोड. परत दाब.
सिलिंडर धड. फोर्क धड.
"म्हणजे जे आहे ते आत.
उतरवूया गिअरबॉक्स."

टिपर सहा वर्षं सावर्ड्याला होता,
बहिणीच्या परसात, फणसाखाली.
खाणीवरचं काम थांबलं तेव्हा मीच लावला,
आठ दिवसांत येतो म्हणून.
तिथून तिळामळपर्यंत साखळीने ओढत आणला.
वाटेत दोघांनी हात केला.
मला की टिपरला, कळलं नाही.

शाफ्ट सुटला, केबली सुटल्या,
तेल आलं काळं, सावकाश.
बोल्ट एकेक करून खोबरेलाच्या डब्यात पडू लागले.
नवापर्यंत मोजले मी. पुढे फोन आला.
जॅकवर गिअरबॉक्स बसला. ओढला.
नाही.
दोघांनी ओढला.
नाही.

"सळईने उचकटू?"
"नाका रे! बीड ते. तडकलं तर वेल्डिंग धरत नाही.
आणि वजन शाफ्टवर लोंबकळलं
की प्लेटचा डोळा वाकतो, मग बस बोंबलत."
लाकडी ठोकळा, त्यावर हातोडी, हळू, सगळीकडून.
सांध्यात डिझेल.
भाजीपाव. चहा. परत ठोकळा.
मेस्त म्हणाला गंज आहे,
मी म्हणालो गंजच असणार,
आणि तीन वाजले.

लिबेरात आली, त्याची भाची,
पाठीवर आयटीआयची बॅग, तशीच आडवी झाली खाली.
स्टार्टरच्या मागे हात घातला, कोपरापर्यंत,
आणि डोळे मिटले,
शिंपल्यांच्या टोपलीत हात घालून
मेलेली शिंपली चाचपावी तसे.
"मामा, एक उरला हांगा."

मेस्त काही बोलला नाही.
चाळीस वर्षांचा धंदा.
विडी शेवटी पेटवली.

तो बोल्ट निघाला,
तसा गिअरबॉक्स आपणहून चार बोटं मागे सरला,
जेवून झालेला पाहुणा पाटावरून सरतो तसा.

आत तीन घरटी कुंभारणीची,
मातीच्या नळ्या, लालबुंद.
खाणीचीच माती, मी ओळखली.
प्रेशर प्लेट काढली तरी
क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरूनच.
लिबेरातने लांबीची पातळ पट्टी
कडेकडेने फिरवली, एक वेढा, दुसरा वेढा,
घावन सोडवावं तशी.
प्लेट हातात आली.
फ्लायव्हीलवर गोल गंज राहिला.

"नवी उद्या मडगावहून मागवतो," मेस्त म्हणाला.
"काय ओढणार आता? रेती?"

भंगारवाला बोलला होता,
स्वतःच्या चाकांवर आला तर सात हजार जास्त.
एवढ्यासाठीच सगळं.
त्याचा भाव खिशात लिहिलेला होता, चिठ्ठीवर.
लिबेरात हात पुसत माझ्याकडे बघत होती,
कोपराला खरचटलेलं, त्यात ग्रीस.

"रेती," मी म्हणालो. "बहुतेक रेती."

त्या रात्री बायकोने हलवून उठवलं.
झोपेत माझा डावा पाय
खाटेची पायथ्याची फळी
दाबत होता, सोडत होता.