अंगठ्याच्या बाजूने

अकराव्या प्रकरणात मी बिंबाला
ट्रॉलरच्या बर्फखणात हात बांधून टाकलं
आणि दीड महिना तिथंच ठेवलं.
मलाच सोडवता येईना.
आधी तिनं दातांनी दोरी कुरतडली. खोटं वाटलं.
मग तिला एक गंजका खिळा सापडला. त्याहून खोटं.
दर सुटकेनंतर मी तिला पुन्हा बांधायची,
आदल्या वेळेपेक्षा घट्ट.

शेवटी वही मिटली, वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेले.
दाजी खवणेकर जाळं सांधत बसला होता,
पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून.
म्हटलं, दाजी, माझे हात बांधा.
"कित्याक?"
गोष्टीसाठी.
"मगे ठीक," म्हणाला,
जसं गोष्टीसाठी माणसं रोजच येऊन बांधून घेतात.

हिरवी नायलॉनची दोरी. दोन फेरे, एक गाठ.
मी हिसके दिले. कातडं सोललं, गाठ आणखी बसली.
"माशाक मागे येवक येणा नाय, बाय.
पुढेच जोर करता, म्हणान गावता."
मग दोरी सोडून त्यानं माझ्या मुठी वळवल्या,
मनगटं जराशी फाकवली, पुन्हा बांधलं.
"बांधतत तेवाच जागा ठेवूची.
मागसून कोण देता जागा?"
मुठी सैल सोडल्या.
बोटभर पोकळी.
हात निघाले, बांगडी निघावी तसे.

मंगळवारी, शुक्रवारी
बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या पडवीत
रोझालिन लोबो शिकवते. पोलिसातून निवृत्त, गुडघे दुखरे.
शाळेच्या सात मुली आणि त्रेचाळीस वर्षांची मी.
"पकडणाऱ्याची चार बोटं एकीकडे,
अंगठा एकटा. दार तिथं आहे.
आणि ओरडायचं, पोटातून."
मुली ओरडल्या. पत्र्यावरचे कावळे उडाले.
मी आजवर कितीतरी किंकाळ्या लिहिल्या,
उद्गारचिन्हांसकट;
गळ्यातून आलं ते खाकरल्यासारखं काहीतरी.
रोझालिन म्हणाली,
"ही विनंती झाली, बाई. परत."

मासळीबाजारात तारू गिरपनं माझी मनगटं बघितली.
बांगडे मोजता मोजता थांबली.
दोन जास्तीचे टाकले, वाकून हळूच म्हणाली,
"खोबरेल लाव. लांब हाताचो झंपर घाल.
आज लाल, परवा काळो, मगे पिवळो पडता वळ.
आठ दिसांनी कोणाक कळना नाय."

रंगांचं सगळं वेळापत्रक तिला पाठ.
सांगणार होते, अगं, हे कादंबरीसाठी.
शब्द टाळूला चिकटला.
मे महिना. तिच्या अंगात मनगटापर्यंतच्या बाह्या.

पिशवी खाली ठेवली.
माझा हात धर म्हटलं. घट्ट.
खवल्यांनी भरलेली तिची पकड,
आयुष्यभर पाट्या उचललेल्या हाताची.
मी अंगठ्याच्या बाजूने मनगट वळवलं
आणि सुटले.
ती स्वतःच्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिली.
"परत दाखय."
मग मी धरलं. पहिल्यांदा तिनं मागं ओढलं,
दुसऱ्यांदा पण.
तिसऱ्यांदा बर्फाचं पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.
कुणी पाहिलं नाही. शेजारी सुरमईच्या भावावरून
एक पाहुणा तावातावानं भांडत होता.
मग सांगितलं तिला, बर्फखणातल्या बिंबाचं.
पडवीचंही, मंगळवार-शुक्रवार.

ती पडवीत आली नाही.
मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही.

मी प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं.
बांधताना बिंबानं मुठी वळल्या होत्या,
ते एक वाक्य चार पानं मागं जाऊन घातलं.
आता दोरी तिच्या मनगटांवर नुसती पडून आहे.
वर डेकवर कुणीतरी चालतंय.
ती उठत नाही. मीही तिला उठवत नाही.

पुढच्या आठवड्यात तारू,
तराजूकडे बघतच:
"तुझा बिंबा सुटला काय गे?"
अजून नाही, म्हटलं.
जागा ठेवलीय तिनं.

तारूनं पारड्यात बांगडे टाकले,
कोयती घेतली,
आणि कापायला बसण्याआधी
उजवी बाही कोपरापर्यंत वर सारली.