गोळी

सीपीआरच्या तळमजल्यावर प्लेट उघडली,
वसाहती ओल्या, चकचकीत,
भेंडीच्या पाण्यासारखी तार धरणाऱ्या.
काचेवर शाईचा थेंब सोडला. काळोखात
जोडीजोडीनं बसलेले जंतू,
प्रत्येक जोडीभोवती पांढरं रिकामं वलय.
ते रिकामं नसतं. ती साखर असते.

मुबीन, अकरा महिने, कसबा बावडा.
नाव लिहिलं, वेळ लिहिली,
हात धुताना सातापामामा आठवला.

प्रयाग चिखलीच्या गुऱ्हाळावर मामा गुळव्या.
चुलवाणाशी दगडू, मळी काढायला दोघं, चरकावर पोरं.
मामा काहिलीला हात लावायचा नाही.
त्याला वीस वर्षं साखर होती,
गुळाचा खडा जिभेवर ठेवलेला मी पाहिला नाही.
रसाकडंही फारसा बघायचा नाही, बघायचा दगडूकडं.
"घाल चिपाडं."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "हां. बास. वड जाळ."

टी पेशीला साखर दिसत नाही.
तिला कळतात प्रथिनांचे तुकडे,
तेही कुणी ओंजळीत धरून दाखवले तर.
साखर ओळखते बी पेशी. तेच ते वळण
अंगाला पुन्हा पुन्हा घासलं की एकटीच पेटते,
घाईघाईनं प्रतिपिंडं ओतते, कच्ची, पातळ,
आणि विसरून जाते.
मोठ्या माणसाचं तेवढ्यावर भागतं.
मुबीनच्या अंगात अजून ती चूलच नीट धरत नाही.

आणि तरी, उंदरांतल्या टी पेशी कमी केल्या
तेव्हा साखरेवरची प्रतिपिंडं वाढली होती.
म्हणजे तिथंही कुणीतरी "बास" म्हणत होतं,
साखर न बघता,
कदाचित बी पेशीच्या तोंडाकडं बघून.

लशीत साखर प्रथिनाला बांधतात.
बी पेशी साखर समजून दोन्ही गिळते,
प्रथिनाचा तुकडा वर धरते,
आणि मामा मान वळवतो.
पाण्यात टाकलेला पाक तेव्हा बोटांत वळतो.
गोळी होते. टिकते.

खिडकीशी मुबीनची आई, हसीना.
मी डॉक्टरांना फोनवर सांगत होते ते तिनं ऐकलेलं.
"साखर झालीया व्हय ओ माझ्या पोराला?"
नाही म्हटलं. जंतूनं पांघरलीय.
ती माझ्याकडं बघत राहिली.
मग पिशवीतून कार्ड काढलं, चार घड्यांचं,
एका चौकोनात निळी तारीख,
पुढचे दोन कोरे.
"तवा आमी ऊसतोडीवर हुतो."

एक तारीख.
कुठल्याशा गाठीत, काखेत नाहीतर जांघेत,
त्या एका मात्रेनं कुणाला तरी
जागं करून ठेवलं असेल का,
मला सांगता येत नाही.
प्लेट परत सदतीस अंशांत ठेवली.
दार लावताना तोंडातून निघून गेलं,
घाल. घाल अजून.