तीन खटके

अकरा वर्षं काटा एनवरच होता.
शेवरोलेट पेठेत जायची, यार्डात जायची,
एकदा तर तासगावला लग्नाला जाऊन
मागच्या सीटवर वरमाय घेऊन आली.
काटा आपला म्हणतोय,
मी न्यूट्रल, मला यातलं काही ठाऊक नाही.

पारीसअण्णांचं काट्यावाचून अडायचं नाही.
स्टिअरिंगजवळचा दांडा ओढायचा, मोजायचं :
एक, मागं. दोन, कुठंच नाही. तीन, चला.
मलाही तसंच शिकवलं, हळदीच्या गोडाऊनमागं
रिकाम्या पोत्यांच्या थप्पीसमोर.
थप्पी चारदा पाडली मी.

यंदा गौरीच्या आधी
अण्णांचाच मेळ कुठंतरी चुकला.
गाडी मागं गेली. शटर आत गेलं.
कुणी बोललं नाही.
अण्णा धोतराला हात पुसत राहिले,
हात कोरडाच होता.

दस्तगीरनं कॉलम उघडला.
आतली दोरी हातात येताच तिचा भुगा.
त्याचा पोरगा मोबाईलवर बघून म्हणाला,
मिळते, अमेरिकेत, सोन्याच्या भावात.
दस्तगीर काही न बोलता लुनावर बसला,
मिरजेला गेला,
मेव्हणा तिथं सतारीचे भोपळे कोरतो.
आला ते कागदाच्या पुडीत
सगळ्यात बारीक तार घेऊन.

मी बॅटरी धरली.
काट्याचा लाल रंग उडालेला,
माझं नेलपेंट दिलं, दोन हात.
तार बसली, काटा हलला,
आणि एन आणि डीच्या मधोमध थांबला.
"अर्धं अक्षर चालतंय की, अण्णा."
"अर्ध्या अक्षरानं शटर गेलंय, बाबा."
पुन्हा सोडली, पुन्हा ओढली.
चहा दोनदा गार झाला.

संध्याकाळी आयर्विन पुलावरून
सांगलीवाडीकडं निघालो.
काचेमागं इवला दिवा लागलेला,
माझ्या नखांच्या रंगाचा काटा
बरोब्बर डीवर.
सतारीची तार, पुलावर तरी वाजेल,
म्हणून काच खाली केली नाही मी.
वाजली नाही. टॅपेट वाजत होते.

अण्णा समोर बघत होते.
दांडा खाली घेताना त्यांचे ओठ हलले होते,
एक, दोन, तीन,
नेहमीसारखेच.
काट्याकडं
मीच बघत होते.